शिन फेन वर गेला की खाली? आयर्लंडचा निकाल वाचायची माझी पद्धत

२०२४ या एका वर्षात धाकट्या बहिणीने मला एकच प्रश्न चार वेळा विचारला: "ताई, तुमच्याकडचा तो शिन फेन वर गेला की खाली?" शिन फेन हा ब्रिटनच्या राज्यातलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र दक्षिण एक व्हावेत असं म्हणणारा पक्ष, तो दोन्हीकडे निवडणुका लढवतो. फेब्रुवारीत त्याच्या मिशेल ओ'नील उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारख्या, झाल्या. अखंड आयर्लंड मागणारी व्यक्ती त्या पदावर प्रथमच बसत होती, म्हणून मी लिहिलं, "वर." जूनमध्ये दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, स्थानिक निवडणुका झाल्या आणि पक्षाला १२ टक्केही मतं पडली नाहीत. लिहिलं, "खाली." जुलैत ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत तो उत्तर आयर्लंडमधला सर्वांत मोठा पक्ष ठरला. पुन्हा "वर." नोव्हेंबरात डब्लिनच्या संसदेत, म्हणजे डॉलमध्ये, त्याच्या जागा ३७ वरून ३९ झाल्या आणि मतं मात्र एक लाखाहून जास्त घटली. त्या वेळी मला एका शब्दात उत्तर देता येईना. वहीच्या चार पानांचे फोटो काढले आणि तिला पाठवून दिले.

ती वही कशी ठेवायची, ते इथे लिहिते आहे. आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसांसाठी, आणि घरी बसून या पक्षाच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठीही. मी २००७ पासून डब्लिनच्या पश्चिमेला, ज्याला इथे 'डब्लिन १५' म्हणतात तिथे राहते. पेशाने नर्स आहे. वही ठेवायची सवय वडिलांची. ते कराडला हायस्कुलात शिक्षक होते. रेडिओवर निकाल लागले की दोनशे पानी वहीत आखून लिहून घ्यायचे.

सुरुवात मतपत्रिकेपासून करा. ती कळली नाही तर बाकीचं सगळं चुकतं.

इथे स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. वय १८ पूर्ण हवं, इथे राहत असलं पाहिजे आणि यादीत नाव हवं, एवढंच. त्यामुळे २००९ मध्ये, येऊन दोनच वर्षं झाली असताना, मी शाळेतल्या मतदान केंद्रात उभी होते. हातात लांबलचक कागद, त्यावर उमेदवारांचे फोटो, आणि फळीला दोरीने बांधलेली पेन्सिल. मी एका नावासमोर १ लिहिलं, घडी घालून पेटीत टाकलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉर्डातली एक सहकारी म्हणाली, "फक्त एकच? बाकीचे आकडे का नाही लिहिलेस?" तेव्हा मला कळलं की माझ्या मताचा मोठा भाग मी वापरलाच नव्हता.

फोनवर वडिलांना हे सांगितलं तर त्यांना लगेच समजलं. ते पुणे शिक्षक मतदारसंघात मत द्यायचे. तिथे जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ असा पसंतीक्रम लिहावा लागतो. "मग त्यात काय," ते म्हणाले, "आमच्यासारखंच आहे, फक्त जागा जास्त." खरंच तसंच आहे. इथे डॉलच्या एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा, की कोटा निघतो. पाच जागा असतील तर सहाने भागा. कोटा गाठला की उमेदवार निवडून आला. त्याची कोट्यावरची शिलकी मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटली जातात. कुणीच कोट्यापर्यंत पोचलं नाही तर सर्वांत खालचा बाद होतो आणि त्याची मतं पुढे जातात. अशा दहा-बारा फेऱ्याही होतात. सगळी मोजणी कागदावर आणि हातांनी. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मतदान यंत्रं वापरून पाहिली होती, त्यात आमचा डब्लिन वेस्टही होता. पुढे त्या यंत्रांवरचा विश्वास उडाला आणि ती भंगारात विकली गेली.

आता वही उघडा आणि पानावर पाच रकाने आखा: वर्ष, पहिल्या पसंतीची टक्केवारी, उभे केलेले उमेदवार, निवडून आलेले, सभागृहातल्या एकूण जागा. वर्तमानपत्रं दुसरा आणि चौथा रकाना छापतात. मी सर्वांत आधी तिसरा भरते.

का, ते २०२० च्या पानावरून दिसेल. त्याआधी २०१९ च्या मे महिन्यात स्थानिक निवडणुका झाल्या. शिन फेनकडे आधी १५९ नगरसेवक होते, ते ८१ उरले. जवळजवळ निम्मे गेले. पक्षाचे लोक हादरले. फेब्रुवारी २०२० मध्ये डॉलची निवडणूक लागली तेव्हा त्यांनी सावधपणे फक्त ४२ उमेदवार उभे केले. फिआना फॉल आणि फिना गेल, इथले दोन जुने मोठे पक्ष, ऐंशीच्या वर उमेदवार देऊन बसले होते. आणि मतपेट्या उघडल्या तर शिन फेनला २४.५ टक्के, सगळ्यांत जास्त. ४२ पैकी ३७ जण निवडून आले. फिआना फॉलला २२.२ टक्के मतं आणि जागा ३८, त्यातही एक सभापतींची, जी बिनविरोध मिळते.

डब्लिन बे नॉर्थ मतदारसंघाचं पान मी अजून उघडून बघते. पाच जागा होत्या. कोटा १२ हजारांच्या थोडा आत. शिन फेनच्या डेनिस मिचेल यांना पहिल्या पसंतीची २१ हजारांहून जास्त मतं पडली. म्हणजे जवळजवळ पावणेदोन माणसांची मतं एकटीला. पक्षाने दुसरा उमेदवार दिलाच नव्हता. त्या पाच जागा शेवटी पाच वेगवेगळ्या पक्षांना गेल्या. त्या वर्षी अशी शिल्लक अनेक ठिकाणी राहिली आणि ती पुढे सरकून डाव्या विचाराच्या छोट्या पक्षांच्या कामी आली.

आमच्या डब्लिन वेस्टमध्ये त्या दिवशी जे झालं त्याची बातमी भारतातही पोचली होती. लिओ वराडकर तेव्हा पंतप्रधान होते. इथे त्या पदाला टीशॉक म्हणतात. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्यामुळे मराठी घरांत त्यांच्या निकालाकडे वेगळं लक्ष असतं. शिन फेनचे पॉल डोनेली, जे आधीच्या निवडणुकांत इथेच हरले होते, ते पहिल्याच फेरीत कोटा ओलांडून गेले आणि पदावर असलेले पंतप्रधान पाचव्या फेरीत निवडून आले.

नोव्हेंबर २०२४ चं पान याच्या शेजारी ठेवा. मतं १९ टक्के. उमेदवार ७१. निवडून आले ३९. पण डॉल आता १६० ची नाही, १७४ ची झाली होती. म्हणून पाचवा रकाना हवा. २०२० मध्ये २४.५ टक्के मतांवर पक्षाला सभागृहाचा २३ टक्के भाग मिळाला, आणि २०२४ मध्ये १९ टक्के मतांवर साडेबावीस टक्क्यांच्या जवळ. माणसं साडेपाच टक्के दूर गेली तरी बाकांवर फरक दिसला नाही, कारण या खेपेला उमेदवार पुरेसे होते. "जागा वाढल्या" हा मथळा खरा होता, पण तेवढाच वाचणाऱ्याला पक्ष कुठल्या दिशेला निघाला हे कळलं नसतं.

उत्तरेसाठी वेगळं पान ठेवा आणि त्यावर एक रकाना जास्त आखा, प्रतिस्पर्ध्याचा. बेलफास्टची विधानसभा ९० जणांची. २०१७ मध्ये शिन फेन २७ आणि डीयूपी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारा मोठा पक्ष, २८. २०२२ मध्ये शिन फेन २७ आणि डीयूपी २५. जगभर बातमी झाली की शिन फेनने इतिहास घडवला. इतिहास घडला, त्यात शंका नाही. पण जागा एकही वाढली नव्हती. ब्रिटिश संसदेचंही तसंच: २०१९ मध्ये ७, २०२४ मध्येही ७, आणि डीयूपी ८ वरून ५ वर घसरला. दोन्ही वेळा पहिला नंबर मिळाला तो समोरचा खाली आल्याने. याचा अर्थ पक्षाने काही केलं नाही असा नाही. पडझडीच्या काळात आपलं आहे ते टिकवणं हेही काम आहे, आणि २०२३ च्या स्थानिक निवडणुकीत तर उत्तरेत त्यांनी ४६२ पैकी १४४ जागा घेऊन खरीखुरी वाढ दाखवली. पण टिकणं आणि वाढणं वहीत वेगळं दिसायला हवं. मी टिकलं तिथे आडवी रेघ मारते आणि वाढलं तिथे बाण.

एक गोष्ट नव्या वाचकाला नेहमी गोंधळात टाकते. ब्रिटिश संसदेत निवडून आलेले ते ७ जण लंडनला जाऊन बसत नाहीत. राजाशी निष्ठेची शपथ त्यांना मान्य नाही. ते मतदारसंघाचं काम करतात, कार्यालय चालवतात, पण सभागृहात पाऊल टाकत नाहीत. बेलफास्टमध्ये बसतात, डब्लिनमध्ये बसतात, लंडनमध्ये नाही. हा बहिष्कार या पक्षाच्या सगळ्या फाटाफुटीच्या मुळाशी आहे, त्याकडे आता येते.

मागची शंभर वर्षं एका पानात बसवणं अवघड आहे, पण ते पान नसेल तर "शिन फेनच्या ११८ वर्षांच्या इतिहासातला" वगैरे वाक्यांनी तुम्ही फसाल. नाव तेच राहिलं, पण ते नाव धारण करणारी माणसं बदलत गेली. १९०५ मध्ये आर्थर ग्रिफिथ यांनी पक्ष काढला. 'शिन फेन' म्हणजे 'आपण स्वतः'. तेव्हा तो प्रजासत्ताक मागतही नव्हता. ऑस्ट्रिया आणि हंगेरीसारखं एका राजाखाली दोन राज्यं, एवढंच ग्रिफिथ यांच्या मनात होतं.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा धागा सापडेल. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडमधून आला होता. त्याच एप्रिलमध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला आणि होमरूलचं राजकारण तिथे मोडीत निघालं. गंमत म्हणजे तो उठाव शिन फेनने केलाच नव्हता. ब्रिटिशांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला शिन फेनचं नाव चिकटवलं, आणि उठावातून वाचलेले लोक नंतर त्या नावाखाली गोळा झाले. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा शिन फेनला मिळाल्या आणि आधी सत्तरच्या आसपास जागा असलेला होमरूलवाला पक्ष ६ वर आला. इथेही माझे रकाने लावून बघा. शिन फेनची मतं दिसतात सुमारे ४७ टक्के, पण २५ जागा बिनविरोध होत्या, तिथे मतदानच झालं नाही. खरा पाठिंबा आकड्यापेक्षा जास्त असणार. त्याच निवडणुकीत तुरुंगात असलेल्या काउंटेस मार्किएविच ब्रिटिश संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याही जाऊन बसल्या नाहीत.

मग फुटी. डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटिशांशी करार झाला, पुढच्या जानेवारीत डॉलने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला, आणि पक्ष दुभंगून यादवी युद्ध झालं. करार मानणाऱ्यांच्या परंपरेतून पुढे फिना गेल उभा राहिला. न मानणाऱ्यांना १९२३ मध्ये ४४ जागा मिळाल्या, पण ते सभागृहात बसले नाहीत. १९२६ मध्ये त्यांचे नेते डी व्हॅलेरा या बहिष्काराला कंटाळून बाहेर पडले आणि त्यांनी फिआना फॉल काढला. जून १९२७ ला फिआना फॉल ४४ आणि शिन फेन ५. एका वर्षात घर रिकामं झालं. म्हणजे आज जे दोन पक्ष मिळून शिन फेनला सत्तेबाहेर ठेवतात, ते दोन्ही त्याच घरातून निघालेले आहेत. खरा वारस कोण, हे भांडण महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही.

यानंतरची चाळीस वर्षं मी तीन ओळींत उरकते. १९५७ मध्ये ४ जागा, १९६१ मध्ये शून्य, १९७० मध्ये आणखी एक फूट.

त्या फुटीतून जो 'प्रोव्हिजनल' गट निघाला, तो आजचा शिन फेन. आणि इथे लेखणी थांबवून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्यानंतर उत्तर आयर्लंडमध्ये चाललेल्या तीस वर्षांच्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसं मेली, आणि या पक्षाचं नातं आयआरएशी, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेशी, होतं. १९८१ मध्ये तुरुंगात उपोषण करणारे बॉबी सँड्स खासदार म्हणून निवडून आले आणि महिन्याभरात, ६६ दिवसांच्या उपोषणानंतर, वारले. एकूण दहा जण गेले. निवडणूक लढवून लोक जोडता येतात हे पक्षाला त्या वर्षी दिसलं. १९८६ मध्ये त्यांनी डॉलवरचा बहिष्कार उठवला, पुन्हा थोडे लोक फुटून गेले, आणि १९८७ च्या पहिल्या निवडणुकीत मिळाली दोन टक्क्यांहून कमी मतं. जागा एकही नाही. पहिली जागा १९९७ मध्ये सीमेवरच्या कॅव्हन-मॉनहनमध्ये. १९९८ चा गुड फ्रायडे शांतता करार, २००५ मध्ये आयआरएने शस्त्रं निकामी केली, आणि मग २००२ ला ५, २००७ ला ४, २०११ ला १४, २०१६ ला २३ अशी शिडी. २००८ च्या आर्थिक संकटानंतर लोकांची कमाई आणि नोकऱ्या गेल्या, २०१४ च्या सुमाराला पाण्याच्या बिलांविरुद्ध रस्ते भरले, तेव्हाचा तो चढ.

त्या संघर्षाची आठवण आकड्यांत कशी उतरते, ते दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीत दिसतं. आमच्या वॉर्डात सीमेकडच्या गावातले एक आजोबा होते. त्यांचं बोलणं मी विसरले नाही. ते म्हणाले, "मी कागदावर सगळ्यांना आकडे देतो. अगदी नकोशा माणसालाही अकरावा देतो. फक्त त्या एका पक्षासमोरची चौकट रिकामी ठेवतो." त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच वॉर्डात डोनेगॉलची पंचविशीची नर्स होती. तिच्यासाठी शिन फेन म्हणजे घरभाड्यावर बोलणारा पक्ष. १९९८ चा करार झाला तेव्हा ती रांगत होती. २०२० च्या मतदानोत्तर चाचणीत पस्तिशीच्या आतल्यांत जवळपास दर तिसरं मत शिन फेनला होतं, आणि पासष्टीच्या पुढे साधारण दर आठवं. माझ्या वॉर्डातल्या त्या दोन माणसांमुळे तो आकडा मला कळला.

तर वहीत 'शिल्लक कुठून आली, कुठे गेली' असं एक पान ठेवा. निकालाच्या प्रत्येक फेरीचा तक्ता जाहीर होतो. दोन गोष्टी शोधा. एक, फिआना फॉलचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं कुणाकडे जातात. अलीकडे ती मोठ्या प्रमाणात फिना गेलकडे जातात आणि उलटही. २०२४ मध्ये फिआना फॉलला २१.९ टक्के मतांवर १७४ पैकी ४८ जागा मिळाल्या, त्यामागे ही देवाणघेवाण होती. दोन, डाव्या पक्षांची मतं शिन फेनकडे किती येतात. पूर्वी फार थोडी यायची, आता येतात, पण हमखास नाही. मला विचाराल तर या पक्षाचं खरं भवितव्य पहिल्या पसंतीच्या टक्केवारीपेक्षा या पानावर जास्त दिसतं. शिन फेन सत्तेत यायचा असेल तर आजोबांची ती रिकामी चौकट, किंवा त्यांच्या नातवंडांची, भरायला लागेल.

एका माणसाची रेषाही काढून बघा. मी मेरी लू मॅकडॉनल्ड यांची काढली आहे. आधी थोडा काळ फिआना फॉलमध्ये. २००२ मध्ये शिन फेनकडून आमच्याच डब्लिन वेस्टमध्ये उभ्या, पराभव. २००४ मध्ये युरोपीय संसदेत. २००७ मध्ये डब्लिन सेंट्रलमध्ये पराभव. २००९ मध्ये युरोपची जागा गेली. २०११ मध्ये डॉलमध्ये. २०१८ मध्ये जेरी ॲडम्स ३४ वर्षांनी बाजूला झाले आणि त्या पक्षाध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी निम्मे नगरसेवक गेले, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचा पक्ष मतांमध्ये देशात पहिला. २००९ किंवा २०१९ च्या संध्याकाळी कुणी "संपल्या" असं लिहिलं असतं तर ते चुकलं असतं.

जनमत चाचण्यांचं पान पेन्सिलने लिहा. २०२२ मध्ये काही चाचण्यांत शिन फेन ३५ टक्क्यांच्या पुढे होता. मला ते खरं वाटलं, कारण मी ते जगत होते. २०१८ मध्ये आमच्या मालकाने घर विकायचं म्हणून नोटीस दिली होती आणि भाड्याचं घर बघायला गेलं की दारात तीस-चाळीस जणांची रांग असायची. त्या रांगेतले आयरिश तरुण घराचं बोलत आणि शिन फेनचं बोलत. मग २३ नोव्हेंबर २०२३ ला डब्लिनमध्ये पार्नेल स्ट्रीटवर दंगल झाली. मुलांवर चाकूहल्ला झाला होता, त्याचं निमित्त करून बस जाळल्या, दुकानं लुटली. त्या रात्री आमच्या भारतीय नर्सेसच्या ग्रुपवर एकच चौकशी चालू होती, कोण कुठे आहे, कुणाला कोण आणायला जाणार. स्थलांतर हा निवडणुकीचा विषय झाला. शिन फेनची पंचाईत अशी की त्याचे काही जुने मतदार कामगार वस्त्यांतले, स्थलांतरितांवर चिडलेले, आणि काही नवे मतदार शहरी, डावे, आमच्या बाजूने बोलणारे. दोघांना एकाच वाक्यात समाधान देता येईना. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि संगोपनाविषयीच्या दोन घटनादुरुस्त्या जनतेने मोठ्या फरकाने फेटाळल्या, त्यात शिन फेन सरकारबरोबर "हो" च्या बाजूला उभा होता. जूनच्या स्थानिक निवडणुकीत तीनशेवर उमेदवार दिले आणि १०२ आले. २०१९ चा धडा फेब्रुवारी २०२० ला उपयोगी पडला नव्हता, आणि २०२० चा धडा, जास्त उमेदवार द्या, २०२४ च्या जूनमध्ये उलटला. मतं कमी आणि वाटेकरी जास्त.

शेवटी मतमोजणीचा दिवस. मतदान रात्री १० ला संपतं आणि मोजणी दुसऱ्या सकाळी ९ ला सुरू होते, त्यामुळे रात्र झोपेत घालवा. पेट्या उघडून कागद उलगडतात तेव्हा कठड्याच्या अलीकडे पक्षांचे स्वयंसेवक ओणवे उभे राहून प्रत्येक कागदावरचा १ कुणाला आहे ते रेघांनी टिपतात. याला टॅली म्हणतात. पक्ष एरवी कितीही भांडोत, टॅली मिळून करतात. दुपारपर्यंत कुठल्या शाळेच्या पेटीत कुणाला किती, हे समजतं. २०२० मध्ये एका उमेदवाराच्या ओळखीने मला आत जायचा पास मिळाला होता. तिथले एक म्हातारे टॅलीवाले मला म्हणाले, "आकडा ऐकू नकोस, पेटी कुठल्या गल्लीची ते विचार." तेव्हापासून माझ्या वहीत टक्क्यांशेजारी वस्त्यांची नावं असतात. पास नसेल तर राष्ट्रीय रेडिओ लावा आणि पहिल्या फेरीचा अधिकृत आकडा येईपर्यंत काही लिहू नका. पहिल्या फेरीत चौथा असलेला पाच जागांच्या ठिकाणीही पडू शकतो आणि सातवा निवडून येऊ शकतो. युरोपीय निवडणुकीत मोजणीला पाच-सहा दिवस लागतात, रजा आधी मांडा.

ऑक्टोबर २०२५ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मी शिन फेनच्या पानावर लिहिलेली नाही. त्यांनी स्वतःचा उमेदवार दिला नाही, अपक्ष कॅथरीन कॉनली यांना पाठिंबा दिला, आणि त्या ६३ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकल्या. त्यात शिन फेनचा वाटा किती, हे टक्केवारीतून निघत नाही. ते मी 'शिल्लक कुठे गेली' या पानाच्या मागे टिपून ठेवलं आहे, डावे पक्ष आणि शिन फेन एकाच बाजूला उभे राहिले म्हणून.

पुढच्या स्थानिक निवडणुका २०२९ मध्ये आहेत. नव्याने आलेल्यांनी आत्ताच मतदार यादीत नाव घालून घ्या. पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि घराचा एअरकोड (पिनकोडसारखा) हाताशी ठेवा, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. घर बदललं की पत्ताही बदला. आणि पेन्सिल हातात आली की १ वर थांबू नका.